सोन्याचे कळस आणि काळी घोंगडी

१६८९ साली संताजी घोरपडे, विठोजी चव्हाण आणि त्यांचे निवडक सोबती रात्रीच्या अंधारात औरंगजेबाच्या छावणीत शिरले, बादशाही डेऱ्याचे तणावे कापले आणि डेऱ्यावरचे सोन्याचे कळस घेऊन निसटले, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बादशहा त्या वेळी डेऱ्यात होता की नव्हता, यावर वादही पुष्कळ होतात. मात्र कथेतली एक साधी गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. ज्यांचे तणावे कापले गेले ते डेऱ्यात झोपणारे होते. ज्यांनी ते कापले त्यांच्याकडे कापण्यासारखे तणावेच नव्हते.

सतराव्या शतकातील दख्खनच्या युद्धाकडे किल्ले, तोफा आणि तहनामे यांच्या अंगाने नेहमी पाहिले जाते. हा थ्रेड त्याच युद्धाच्या रात्रींविषयी आहे. पंचवीस-तीस वर्षे लाखो माणसे घराबाहेर निजत होती. ती कशाखाली निजत होती आणि त्या निजेची किंमत काय पडत होती, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

आधी मोगलांची बाजू.

अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुक्कामाचे वर्णन आहे. सर्वांत मोठ्या ‘बारगाह’ मंडपाखाली दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभा करण्यास एक हजार फर्राशांना, यंत्रांच्या साह्याने, आठवडा लागे. एक दुमजली निवास असे. त्याच्या वरच्या मजल्यावर बादशहा प्रार्थना करी. या सर्वांभोवती ‘गुलालबार’ नावाचे आवार. त्याची लांबी-रुंदी शंभर गजांहून कमी कधीच नसे आणि त्याच्या दारांना कुलपे असत. रात्री चाळीस गज उंच खांबावर ‘आकाशदिवा’ चढवीत. अंधारात चुकलेल्या माणसाने त्या दिव्याकडे पाहून आपला डेरा शोधायचा.

हे सारे वाहून नेण्यास अबुल फज्ल आकडे देतो: १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई. शिवाय हजार फर्राश, ५०० बेलदार, १०० पखालवाले, सुतार, तंबू शिवणारे, मशालजी, चर्मकार आणि १५० झाडूवाले.

या आकड्यांचा अर्थ चाऱ्यात मोजला म्हणजे नीट कळतो. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. म्हणजे शंभर हत्तींना रोज पंधरा टन. त्यात उंट आणि चारशे गाड्यांचे बैल यांची भर घालावी. आणि ही जनावरे लढाईची नव्हेत. ती फक्त कापड, दोर आणि खांब वाहणारी. ज्या गावावरून हा सरंजाम गेला त्या गावाच्या कडब्याच्या गंजीचे काय झाले असेल, याचा हिशेब कोणत्याही दरबारी ग्रंथात नाही.

फ्रेंच वैद्य बर्निये हा १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्यासह काश्मीरच्या प्रवासास निघाला. बादशहाचे डेरे दोन संच असत, असे तो सांगतो. एक संच वापरात असताना दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राही, म्हणजे बादशहा पोहोचेल तेव्हा सर्व सिद्ध असे. या पुढे जाणाऱ्या संचाला ‘पेशखाना’ म्हणत. एका पेशखान्यासाठी साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. संध्याकाळी सगळ्या छावणीत शेण्या आणि ओली लाकडे पेटत, तेव्हा धूर इतका दाटे की आपला डेरा कोठे आहे हे माणसाला उमजेनासे होई. आकाशदिवा हा नुसता थाट नव्हता, हे बर्नियेच्या या अनुभवावरून पटते.

या डेऱ्यांना चैन म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. मोगल राज्यकर्ते तैमूरच्या वंशातले होते आणि त्या घराण्याचा दरबार मुळात फिरताच होता. छावणीत प्रत्येक सरदाराची जागा ठरलेली. मुक्काम कोठेही पडो, बादशाही डेरा मध्यभागी आणि बाकीचे आपापल्या दर्जाप्रमाणे भोवती. लाल रंगाचा डेरा हा बादशहाचा मान. म्हणजे डेरा हेच सिंहासन, हीच कचेरी आणि हीच राजधानी. तो आखूड करणे म्हणजे सत्ताच आखूड केल्यासारखे. औरंगजेब स्वतः काटकसरीने राहणारा गृहस्थ होता. तरीही त्याच्या छावणीचा आकार त्याच्या स्वभावावर ठरत नव्हता.

१६८१ साली तो दख्खनेत उतरला आणि १७०७ साली अहमदनगरास मरण पावला. या पंचवीस वर्षांतला बराचसा काळ त्याने कापडाखाली काढला. १६९५ साली कृष्णाकाठी गलगले येथे जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने त्याची छावणी पाहिली, तेव्हा त्याला ते चालते शहरच वाटले. त्याच वर्षी बादशहा भीमेकाठी ब्रह्मपुरीस आला आणि १६९९ पर्यंत तेथेच तळ देऊन राहिला. मंगळवेढ्याजवळ माचणूरचा किल्ला आजही त्या मुक्कामाची साक्ष देत उभा आहे.

आता दख्खनची जमीन आणि दख्खनचा पाऊस. सुती तंबू भिजला की त्याचे वजन कितीतरी वाढते. सुती आणि तागाचे दोर ओले झाले की आखडतात आणि मेखा उपटू पाहतात. त्या मेखा जर काळ्या मातीत ठोकलेल्या असतील तर पहिल्या मोठ्या सरीनंतर ती माती लोण्यासारखी होते आणि मेख धरत नाही. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर त्याला बुरशी धरते, म्हणून तो वाळेपर्यंत कूच थांबवावे लागते. फर्राशांना हे सारे ठाऊक असणारच. परंतु फर्राशाला ठाऊक असलेली गोष्ट मोहिमेचा बेत ठरवणाऱ्याच्या विचारात येतेच असे नाही.

१७०० च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपुरास बादशाही तळ पडलेला असताना रात्री पुराचे पाणी छावणीत शिरले. घाईने बाहेर पडताना वृद्ध बादशहाचा पाय घसरला, गुडघा निखळला आणि तो पुढे थोडा लंगडतच राहिला. हा तैमूरलंगाचाच वारसा, असे म्हणून दरबाऱ्यांनी त्यातही खुशामतीची सोय पाहिली. पुढे १७०२ च्या जूनमध्ये विशाळगड हाती आला आणि ऐन पावसात सैन्य पन्हाळ्याकडे निघाले. सुमारे तीस मैलांच्या या वाटेस ३८ दिवस लागले. ओढे भरून वाहत होते, उंट चिखलात बसले ते उठलेच नाहीत, आणि उंट बसला की त्याच्या पाठीवरचा डेराही तेथेच राहिला. जी छावणी बादशाहीचे वैभव दाखवण्यासाठी होती, तिच्यातली माणसे त्या महिन्यात उघड्यावर भिजत होती, आणि त्यांना उघड्यावर राहण्याची सवय नव्हती.

मराठ्यांना ती होती. पण ती कशी होती, हे सांगताना पुष्कळदा नुसता काटकपणाचा गौरव केला जातो आणि विषय संपवला जातो.

मराठा स्वाराचे अंथरूण-पांघरूण म्हणजे घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, जाड आणि राठ. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, हा तिचा सुती कापडाहून मोठा गुण. डोक्यावर खोळ केली की ती पावसाचे इरले होई, जमिनीवर टाकली की बिछाना, घोड्यावर घातली की झूल. तिला खांब नको, मेख नको, वाहायला उंट नको. उशाला खोगीर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या इंग्रजांनी अशा तळाचे वर्णन केले आहे: भाला घोड्याजवळ जमिनीत रोवलेला, ढाल-तलवार हाताशी, आणि स्वार घोड्याच्या शेजारीच जमिनीवर पडलेला. सरदारासाठी एखादी लहान राहुटी असली तर असली. इशारा होताच हा तळ काही क्षणांत मोडे, कारण मोडण्यासारखे काही नसेच.

हे शक्य होण्यामागे तीन आधार होते आणि तिन्ही आधार दख्खनचेच होते.

एक म्हणजे ऋतू. सभासदाच्या बखरीत लष्कराची जी शिस्त दिली आहे, त्यानुसार दसऱ्याला सैन्य मुलूखगिरीस बाहेर पडे आणि पावसाळ्यापूर्वी छावणीस परत येई. दसऱ्यानंतरचे आठ महिने इकडे आकाश बहुतेक कोरडे असते. अवकाळी पाऊस सोडला तर छपराची गरज भासत नाही. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी आणू नयेत, हा सक्त नियमही त्याच शिस्तीत आहे आणि तो मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा आहे. त्या नियमाची नैतिक बाजू नेहमी सांगितली जाते. त्याचा एक व्यवहारी परिणाम असा की जेथे कुटुंब नाही तेथे कनात लागत नाही.

दुसरा आधार छावणीचा. पावसाळ्याचे चार महिने स्वार उघड्यावर राहत नसत, तंबूतही राहत नसत. गवताने शाकारलेल्या खोपटांत राहत. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, हा त्यातला भाग सर्वांना माहीत असतो. परंतु त्या पत्रातला मोठा भाग आगीविषयी आहे. कोणी चूल पेटती ठेवील, कोणी गुडगुडी ओढील, कोणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. मग गवताच्या गंजी, खोपटे आणि घोडी सारेच जाईल, अशी ती बारकाईची काळजी आहे. वात नेणाऱ्या उंदरापर्यंत विचार करणाऱ्या राजाला निवाऱ्याचे महत्त्व कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही.

तिसरा आधार गडांचा आणि गावांचा. चाळीस-पन्नास मैलांवर आपला एखादा गड असे, वाटेवर ओळखीचा पाटील असे. ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला उघड्यावर झोपणे परवडते.

तंबू मराठ्यांना वर्ज्य होता असेही नाही. राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता. पुण्यातले फरासखान्याचे नाव त्याच जुन्या शब्दाची आठवण आहे, फक्त आज तेथे पोलीस ठाणे आहे. आणि १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानासाठी उभारलेला शामियाना तर विख्यात आहे. बखरकारांनी त्याच्या झालरींचे वर्णन हौसेने केले आहे. ज्याने आपल्या स्वारांना झाडाखाली निजवले, त्याच राजाने शत्रूला भुरळ पडेल असा शामियाना मोजून-मापून उभा केला. डेऱ्याची सत्ता तो पुरेपूर ओळखून होता आणि ती हवी तेथेच वापरीत होता.

दोन पद्धतींची खरी गाठ कशी पडे, हे पाहायचे तर कळसाच्या कथेपेक्षा १६९५ च्या नोव्हेंबरातला दोड्डेरीचा प्रसंग अधिक उपयोगी आहे. संताजीला अडवण्यासाठी बादशहाने कासिमखानास पाठवले आणि खानाजादखानाला त्याच्या मदतीस दिले. खानाजादखान बड्या घरचा. त्याचे स्वागत साजेसे व्हावे म्हणून कासिमखानाने मौल्यवान डेरे, सोन्या-चांदीची आणि चिनी मातीची भांडी बाहेर काढली. रिवाजाप्रमाणे हा पेशखाना सुमारे सहा मैल पुढे रवाना झाला.

पेशखाना पुढे जाणे म्हणजे उद्याचा मुक्काम आजच जाहीर करणे. संताजीने फौजेचे तीन भाग केले. एकाने पेशखाना लुटला. तो सोडवण्यास मोगल धावले तेव्हा दुसऱ्याने त्यांना गाठले, आणि तिसरा मोकळ्या पडलेल्या मुख्य छावणीवर तुटून पडला. मोगल सैन्य दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडले गेले. दाणा संपला, वैरण संपली, कासिमखान तेथेच मेला आणि खानाजादखानाने वीस लाखांची खंडणी कबूल करून आपली सुटका करून घेतली. या लढाईत तोफेपेक्षा डेऱ्याने अधिक नुकसान केले.

कथा येथे थांबली असती तर ती फार सोयीची झाली असती.

अठराव्या शतकात मराठे नर्मदा ओलांडून गेले. पहिल्या बाजीरावाच्या फौजा अजून हलक्याच होत्या. १७२८ साली पालखेडला निजामाला जेरीस आणले ते वेगाने, आणि घोड्यावर बसून कणसे चोळून खाणारा पेशवा ही त्याची प्रतिमाही त्याच वेगातून जन्मली. पण हळूहळू मोहिमा एका ऋतूत आटोपेनाशा झाल्या. दसऱ्याला निघून वैशाखात परतणे दिल्ली-लाहोरच्या मोहिमेत कसे शक्य व्हावे? पावसाळा परमुलखातच काढावा लागे. तेथे ओळखीचा पाटील नव्हता, आपला गड नव्हता. गारद्यांचे पायदळ आले, तोफखाना आला, आणि या दोघांनाही घोड्याशेजारी झोपून पहाटे दहा कोस नाहीसे होता येत नव्हते. मुक्काम लांबला की बाजार येतो, बाजार आला की बाजारबुणगे येतात. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्या काळी तो चूल पेटती ठेवणाऱ्या माणसांचा वर्ग होता.

१७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेस गेले, तेव्हाच्या छावणीचे वर्णन ग्रँट डफने केले आहे: उंच, प्रशस्त डेरे, आतून रेशीम आणि बनात लावलेली, आणि माथ्यावर दुरून लकाकणारे सोनेरी कळस. म्हणजे १६८९ साली मराठ्यांनी जे कापून आणले, ते ७१ वर्षांनी त्यांच्याच डेऱ्यांवर चढले होते.

या जुळणीचा मोह अनेकांना पडतो. साधेपणा होता तोवर विजय, चैन आली आणि पानिपत, असा सरळ निकाल मग लावता येतो. तो लावण्याआधी दोन्ही कळस कोठून आले हे पाहावे. तुळापूरच्या कळसाची कथा चिटणिशी बखरीतली. मल्हार रामराव चिटणीस सातारच्या दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहीत होते. पानिपतच्या कळसाचे वर्णन डफचे. तो सातारचाच इंग्रज रेसिडेंट आणि त्याचा ग्रंथ १८२६ सालचा. एक जण मराठी राज्याच्या उतरत्या काळात लिहीत होता, दुसरा ते बुडाल्यावर. एकच सातारा आणि दोन कळस. दोघांनी काही रचून सांगितले, असा याचा अर्थ नव्हे. पण राज्य कसे मिळाले आणि कसे गेले याचे उत्तर शोधणाऱ्या पिढीला कळसासारखी वस्तू फार उपयोगी पडते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

भाऊंना जड सामान आणि कुटुंबकबिला मागे एखाद्या बळकट किल्ल्यात ठेवून हलके होऊन लढण्याचा सल्ला मिळाला होता. सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांचा तो कल होता. सल्ला अनुभवाचा होता आणि तो न ऐकल्याचे परिणाम समोर आहेत. तरीही एक प्रश्न उरतो. परक्या मुलखात, यमुनेच्या पुरात, नंतर उत्तरेच्या थंडीत, एका घोंगडीवर ते सैन्य किती महिने निभावले असते? ऑक्टोबरच्या अखेरीपासून १४ जानेवारीपर्यंत पानिपतास तळ पडला होता. भोवती खंदक होता आणि रसद तुटली होती. उपासमार डेऱ्यामुळे झाली नाही. दाण्याची वाट बंद झाली म्हणून झाली. डेऱ्यांचा दोष एवढाच की त्यांनी त्या सैन्याला एका जागी बांधून घातले, आणि बांधलेल्याला वेढणे सोपे असते.

समोरच्या बाजूसही तंबू होतेच. काशीराजाच्या वृत्तांतात एक लहानशी नोंद आहे. अब्दालीने आपल्या छावणीच्या कोसभर पुढे एक छोटा लाल डेरा लावला होता. रोज पहाटे सूर्योदयापूर्वी तो तेथे येई, नमाज पढे आणि मग घोड्यावर बसून आपली ठाणी आणि चौक्या पाहून येई. लाल रंग तोच, बादशाही मानाचा. पण डेरा इतका लहान की तो उचलायला हत्ती लागत नसावा.

पुढच्या पिढीत मराठी छावणी आणखी पसरली. ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजस्थानात फिरत होता. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्यांची जागा निशाण रोवून ठरवी, त्यावरून बाजाराच्या रांगा आखल्या जात आणि प्रत्येक दुकानदार न विचारता आपल्या जागी पाल ठोकी. अबुल फज्लने हे पाहिले असते तर त्याला ओळखीचे वाटले असते. राहणारी बहुतेक माणसे मात्र डेऱ्यात नव्हतीच. गरिबाच्या डोक्यावर पाल नाहीतर कांबळे, आणि पाल फाटले की आकाश. हे मोगलांकडेही तसेच होते.

१८१० च्या सुमारास ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस उतरली आणि पुन्हा उठलीच नाही. डेऱ्यांच्या जागी हळूहळू भिंती आल्या, पालांच्या रांगांचे बाजार झाले, देवडीचा वाडा झाला. ग्वाल्हेर शहराच्या त्या भागाला आजही लश्करच म्हणतात.